दीड लाखाची दोन चाके

घरात मोटार घ्यायचे ठरले की प्रत्येकाच्या मनातली मोटार निराळी असते, हे मला जरा उशिराच कळले. आमच्या सौ. बँकेत आहेत, त्यांच्या मोटारीला हप्ते असतात. चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांच्या मोटारीला वेग असतो. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. माझ्या मोटारीला नुसत्या शंका असतात. चौदा वर्षे इमानाने चाललेली आमची लहानगी पेट्रोलची गाडी काढून विजेवर चालणारी घ्यावी, इथपर्यंत तिघांचेही एकमत झाले. वाद पेटला तो पुढे. विजेचे बळ दोन चाकांना द्यायचे की चारही चाकांना?

संगमनेरच्या एका नोकरदार कुटुंबाला असला प्रश्न पडावा, याचे वाचकांना हसू येईल. पण त्या प्रश्नामागे एक रात्र आहे.

माझी आई अकोले तालुक्यात, राजूरच्या वर एका वाडीत राहते. ‘तुमच्या त्या पेटीसारख्या घरात मला गुदमरतं,’ असे म्हणून ती शहरात यायचे टाळते. गेल्या वर्षी श्रावणात रात्री अकराच्या सुमारास शेजाऱ्यांचा फोन आला. आईला धाप लागली होती. आम्ही तसेच निघालो. डांबरी सडक संपेपर्यंत सारे ठीक होते; पण तिथून आमच्या दारापर्यंत तीनशे फुटांचा कच्चा चढ आहे. त्या चढावर गाडीची पुढची चाके जागच्या जागी गरगरू लागली. लाल चिखलाचे फवारे उडाले आणि गाडी तसूभरही हलेना. शेवटी वाडीतल्या माणसांनी आईला खुर्चीत बसवून खाली आणले. रुतलेली गाडी मात्र पोती आणि दगड घालून काढायला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ आई मागच्या सीटवर धापा टाकीत होती. ती बरी झाली. पण तो पाऊण तास माझ्या मनातून गेला नाही.

म्हणूनच चिरंजीव म्हणाले, “बाबा, आता चारही चाकं ओढणारीच घ्यायची!” तेव्हा मला नाही म्हणवेना.

चौकशीला लागलो. विजेच्या मोटारींत आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी दोनच चाके ओढतात. टाटांच्या नेक्सॉनमध्ये पुढची ओढतात, तर महिंद्रांच्या एक्सईव्ही ९ई आणि बीई ६ या गाड्यांत मागची ढकलतात. मारुतीची ई-विटारा गुजरातेत हंसलपूरला तयार होते. तिची चारही चाके ओढणारी जात परदेशात विकली जाते, कारण तिकडे बर्फ आहे. जून २०२५ मध्ये टाटांची हॅरियर ईव्ही आली, तिच्यात मात्र ही सोय आपल्याकडेही मिळू लागली. पुढे एक मोटर, मागे एक मोटर, आणि दोन्हींना जोडणारा लोखंडी दांडा नाही. समन्वय सगळा विजेचा. ही कल्पना आजची आहे असेही नाही. फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने १९०० सालच्या सुमारास चाकाचाकांत विजेच्या मोटरी बसवून गाडी चालवली होती. लष्करी जीप जन्मली ती त्यानंतर चाळीस वर्षांनी.

चारही चाकांना बळ दिल्याने नेमके काय होते, हे समजून घ्यायला मी चिरंजीवांना घेऊन नगरला गेलो. नगर म्हणजे चाकांचे आणि पट्ट्यांचे गाव. वाहननगरला डीआरडीओची वाहनसंशोधन संस्था आहे आणि १९९४ पासून गावात रणगाड्यांचे संग्रहालय आहे. त्या थोराड यंत्रांपुढे उभा राहिलो आणि एक गोष्ट लख्ख दिसली. रणगाड्याची चाके जमिनीला टेकतच नाहीत. टेकतो तो रुंद पट्टा, म्हणजे एवढे प्रचंड वजन पुष्कळ जागेवर पसरते. चिखलात प्रश्न नुसत्या ताकदीचा नसतो. जमीन किती धरते आणि किती वजन सोसते, याचा असतो.

आमच्या आजोबांना हे पुस्तकावाचून ठाऊक होते. काळ्या रानात खोल नांगरट करायची तर नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपत. एका जोडीचे पाय घसरले तरी दुसरी जोडी ओढ धरी. चारही चाके ओढणाऱ्या गाडीचे तत्त्व हेच. प्रत्येक चाकावर ओढीचा भार कमी येतो, म्हणून ते सहसा घसरत नाही. पण थांबण्याच्या बाबतीत हा हिशेब लागू पडत नाही. ब्रेक कोणत्याही मोटारीत चारही चाकांना असतातच. त्यामुळे ओल्या घाटात उतरताना चौचाकी ओढीची गाडी लवकर थांबते, हा निव्वळ भ्रम. तिथे कामाला येतात ते चांगले टायर आणि चालवणाऱ्याचा संयम. पुलावरून पाणी वाहत असेल तर चार चाकेही तुम्हाला तारणार नाहीत. उलट ‘माझी गाडी जाईल’ हा विश्वासच घात करील. चिखलाचेही तसेच. दोन चाकांची गाडी काठाशी रुतते, चार चाकांची मध्यावर जाऊन रुतते, आणि विजेची गाडी बॅटरीमुळे जड असल्याने तिला काढायला ट्रॅक्टरच लागतो.

आणखी एक गोष्ट आमच्या अनुभवाशी जुळली. चढावर गाडीचे वजन मागे सरकते. पुढची चाके हलकी होतात आणि गरगरतात. मागची मात्र जमीन घट्ट धरतात. त्या रात्री आम्हाला दगा दिला तो चाकांच्या संख्येने नव्हे, तर ती पुढची होती याने, आणि टायर झिजलेले होते यानेही. झिजलेल्या टायरांचा दोष अर्थातच माझा.

मग सौ.नी कागद-पेन्सिल घेतली. जून २०२५ मध्ये जाहीर झालेल्या किमतींप्रमाणे हॅरियरच्या सर्वांत वरच्या प्रकारात मागच्या चाकांची गाडी २७ लाख ४९ हजारांना आणि चारही चाकांची २८ लाख ९९ हजारांना. म्हणजे फरक दीड लाखाचा. एका भारणीत किती धावेल याच्या कंपनीच्या आकड्यांत फरक नगण्य, ६२७ आणि ६२२ किलोमीटर. आकडे चाचणीतले आहेत, रस्त्यावर दोन्ही कमीच भरतील. चिरंजीव हर्षले. “दीड लाखात दोन चाकं! स्वस्त आहेत.”

“थांब जरा,” सौ. म्हणाल्या. “चार चाकांची गाडी फक्त सगळ्यांत वरच्या प्रकारातच मिळते. आपल्याला तर तीच मोठी बॅटरी असलेली २४ लाख ९९ हजारांची चालणार होती. मग फरक दीड लाखाचा की चार लाखांचा?” आम्ही दोघे गप्प. “नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज धरलं तर दीड लाखाचे एक लाख सत्त्याऐंशी हजार होतात, आणि चार लाखांचे जवळजवळ पाच लाख.” मोटार घेणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब करावा. विक्रेता आपल्याला शेवटच्या पायरीची किंमत सांगतो. पण तिथवर चढायला आपण किती पायऱ्या मोजल्या, हे आपणच पाहायचे असते.

मग मी वर्षभराच्या फेऱ्या आठवून लिहिल्या. वाडीला जाणे महिन्यातून दोनदा. त्यांतल्या पावसाळ्यातल्या फेऱ्या आठ. चढ खरोखर निसरडा असे दिवस तीन-चार. उरलेले सारे वर्ष चंदनापुरीचा घाट, नाशिकचा रस्ता, कधी शिर्डीहून समृद्धी महामार्ग. तिथे सगळे डांबर नाहीतर काँक्रीट. आपला जिल्हा मोठा विलक्षण आहे. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजतात, आणि नगर-पाथर्डीकडे पाचशे-सहाशे झाला तरी लोक समाधान मानतात. म्हणून या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. ज्याला पावसाळ्यात रोज घाटमाथ्यावरच्या कच्च्या वाटेने जावे लागते, किंवा ज्याचे घर काळ्या रानात आत आहे, त्याला ती दोन चाके महाग नाहीत. नगर-पुणे करणाऱ्याला ती बहुधा मिरवण्यापुरती.

आमचे मन तरीही डळमळत होते. भीती तीन दिवसांची असली तरी तीनशे दिवस सोबत राहते. अखेर आईलाच विचारले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “अरे, तुझी गाडी येईल वर. पण तू संगमनेरला. रात्री मला काही झालं तर आधी येणार ती १०८ची गाडी. तिला हा चढ चढेल का? आणि खालच्या घरातली सून दिवस भरत आलेली आहे, तिचं काय?”

आमच्या तिघांच्याही हिशेबात हा रकाना नव्हता.

आम्ही मागच्या चाकांची गाडी नोंदवली. वाचलेल्या पैशांतले साठ हजार मी बाजूला काढले. वाडीने पन्नास हजार जमवले आणि श्रमदान केले ते वेगळे. खडी आणि मुरूम पडला, रोलर फिरला, पाणी बाजूला काढायला चर खणून नळ्या टाकल्या. तीनशे फुटांचा चढ दिवाळीच्या आधी तयार झाला. पुढच्या पावसाळ्यात तो कितपत टिकतो ते पाहायचे. दर वर्षी थोडी डागडुजी लागेलच, हे आम्ही धरून चाललो आहोत.

नव्या वाटेने पहिल्यांदा वर गेली ती आमची मोटार नव्हे; तिची अजून वाटच पाहत होतो. दुधाचा टेम्पो गेला. आजवर वाडीतली बायामाणसे किटल्या डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत उतरत होती. आईने त्या दिवशी फोन केला तो गाडी कधी येणार हे विचारायला नव्हे. “वसुबारसेला चढावर दोन्ही बाजूंनी पणत्या लावायच्यात,” ती म्हणाली. “येताना तेल आण.”