सहा सूत की सात सूत?

बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला असं विचारलं, की उत्तर ‘घाटावरचा’ किंवा ‘घाटाखालचा’ असं येतं. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या रांगेवर, मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात. राजूर घाटाने या दोहोंमधलं अंतर उतरताना उंची सुमारे 400 मीटरने कमी होते. माणसांसह 1,200 किलोची जीप एवढी खाली आणताना सुटणाऱ्या ऊर्जेत पंधरा-सोळा लिटर पाण्याला उकळी फुटेल. त्यातला काही भार गिअरमधलं इंजिन पेलतं, काही वारा खातो. बाकीची उष्णता चार ब्रेक ड्रमांच्या वाट्याला येते. जुनी गाडी नव्याने उभी करणारे हौशी लोक रंगावर आणि टपावर महिनोन्‌महिने घालवतात, ब्रेकचं सामान मात्र एका दुपारी उरकतात, ते म्हणूनच खटकतं.

महिंद्राने 1949 मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-3बी आली आणि गावोगाव रुळली. अशी जीप आज हाती येते तेव्हा तिच्यावर कित्येक मिस्त्र्यांचे हात फिरलेले असतात. हंगामात गाडी उभी ठेवणं परवडत नसे, मग जे मिळेल ते बसवलं जाई. त्यामुळे काढलेला भाग दुकानात दाखवून ‘असाच द्या’ म्हणणं धोक्याचं. तो भाग मुळातच दुसऱ्या गाडीचा असू शकतो.

व्हील सिलिंडरच घ्या. जुन्या विलीज जीपला पुढे एक इंच म्हणजे आठ सूत, मागे पाऊण इंच म्हणजे सहा सूत व्यासाचे सिलिंडर असत. मागे सहाऐवजी सात सुताचा बसवला तर डोळ्याला फारसा फरक दिसत नाही. पण ब्रेक शूवर पडणारा जोर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. छत्तीसाला एकोणपन्नास, म्हणजे 36 टक्के जास्त. उतारावर ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. त्यांनाच जादा जोर मिळाला, तर वळणावर ती आधी जाम होतात आणि गाडीचा मागचा भाग घसरतो. डाव्या-उजव्या सिलिंडरांत फरक असेल तर गाडी एका बाजूला ओढते. म्हणून व्हर्निअरने चारही सिलिंडर आतून मोजावेत आणि एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकदमच बदलावेत. आतून गंजून खड्डे पडलेला सिलिंडर घासून मोठा करू नये, मापाचा रबरी कप त्यात सैल बसतो. पितळी किंवा स्टेनलेस स्लीव्ह बसवून मूळ माप परत आणता येतं.

शूच्या बाबतीत गोंधळ वेगळा. विलीजच्या 9 इंची ब्रेकमध्ये लांब लायनरचा शू पुढच्या बाजूला येतो. पुढे आलेल्या काही 11 इंची ब्रेकमध्ये दोन्ही शू एकमेकांना ढकलतात, तिथे लांब लायनर मागे. एकाची सवय दुसऱ्याला लावली की नवं सामान घालूनही ब्रेक लागत नाही, आणि दोष लायनरला दिला जातो. ड्रम लेथवर कातून मोठा झाला असेल, तर साध्या लायनरचा मधलाच पट्टा टेकतो. तिथे जाड लायनर लावून ड्रमच्या गोलाईप्रमाणे घासून घ्यावा लागतो. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रम झटकण्याची गॅरेजमधली सवय त्यामुळे घातक. ओल्या फडक्याने पुसणं बरं.

आट्यांची फसवणूक सगळ्यांत वाईट. जीपच्या पाइपचे नट इंची मापाचे, 3/8 इंचाचे. फियाटच्या, म्हणजे आपल्या प्रीमियर पद्मिनीच्या घराण्याचे 10 मिलिमीटरचे. मेट्रिक नट इंची भोकात शिरतच नाही, ते बरं. उलटं केलं तर इंची नट मेट्रिक भोकात शिरतो, दोन-चार आटे पकडतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पेडल दाबलं की निसटू शकतो. नट हाताने शेवटपर्यंत न डगमगता फिरला पाहिजे. पाना त्यानंतर.

ब्रेक ऑइल डॉट 3 किंवा डॉट 4. डब्यावर ‘ऑइल’ वाचून इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाऊ देऊ नये, रबरी कप फुगून बाद होतात. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कोऱ्या डॉट 3 चा उत्कलनांक किमान 205 अंश असतो, पाणी मुरल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. मग घाटात वाफ धरते आणि पेडल तळाला जातं.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक देणारे केंद्राचे नियम 2021 मध्ये आले. गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, अशी त्यांची अट. हौशी मंडळी मूळपणाचा हा आग्रह प्रत्येक नटबोल्टपर्यंत नेतात. मला तो एका ठिकाणी पटत नाही. जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर एकेरी असतो. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. हँडब्रेकही चाकांवर नाही, ट्रान्स्फर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो, उभी गाडी धरून ठेवण्यासाठी. घाटावर-घाटाखाली जीप खरोखर चालवायची असेल, तर पुढच्या-मागच्या चाकांची लाइन वेगळी करणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवावा, मूळच्याच व्यासाचा, आणि जुना कापडात गुंडाळून पेटीत ठेवावा. प्रदर्शनाच्या दिवशी परत चढवायला मिस्त्रीला अर्धा दिवस पुरतो.