नगरीचे निमंत्रक

घरी पाहुणे येणार असले म्हणजे घरातील सर्वांचीच धांदल उडते. कोणी अंगण झाडतो, कोणी बाजारातून भाजी आणतो, कोणी त्यांना आणावयास स्थानकावर जातो. परंतु या साऱ्या धांदलीपूर्वी एक गोष्ट घडलेली असते. कोणीतरी त्या पाहुण्यांना ‘या’ म्हटलेले असते. एका घराने चार पाहुण्यांना ‘या’ म्हणणे सोपे आहे. एका शहराने चार हजार पाहुण्यांना ‘या’ म्हणणे मात्र सोपे नाही. आपल्या शहराची ओळख बाहेरच्या जगाला करून देणे आणि प्रवाशांना, सभा-परिषदांना तेथे बोलावणे, हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशी माणसे आज जगातील अनेक मोठ्या शहरांत आढळतात. त्यांना नगरीचे निमंत्रक म्हणता येईल.

शहरात दोन प्रकारचे पाहुणे येतात. काही जण स्थळे पाहावयास येतात. मुंबईत आलेला असा प्रवासी घारापुरीची लेणी पाहतो, कान्हेरीला जातो, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीपुढे उभा राहतो. दुसरे पाहुणे कामासाठी येतात. डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ, व्यापारी यांच्या परिषदा भरतात, तेव्हा शेकडो माणसे एकाच वेळी एका गावी जमतात. कोठे जमावयाचे हे त्यांतील एकेकटा ठरवीत नाही. त्यांची संस्था ठरविते. म्हणून अशा पाहुण्यांना आणावयाचे तर संस्थेचे मन वळवावे लागते.

ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी निरनिराळ्या गावांतील संस्था साहित्य महामंडळाकडे निमंत्रणे पाठवितात. महामंडळाची स्थळ निवड समिती गावी जाऊन मंडपाची जागा, निवासाची व भोजनाची सोय, जाण्यायेण्याची साधने यांची पाहणी करते. मग एका गावाची निवड होते. अशा रीतीने २०२२ साली उदगीरला, २०२३ साली वर्ध्याला आणि २०२४ साली अमळनेरला हा मान मिळाला. गावोगावचे साहित्यप्रेमी जे काम हौसेने करतात, तेच काम नगरीचा निमंत्रक पेशा म्हणून करतो.

या पेशाचा उगम अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात झाला. १८९६ साली तेथील मिल्टन कारमायकेल या पत्रकाराने वर्तमानपत्रातून एक विचार मांडला. आपल्या शहरात परिषदा आपोआप येत आहेत. मग प्रयत्न केल्यास त्या किती तरी अधिक येतील, असे त्याचे म्हणणे होते. व्यापाऱ्यांना ते पटले. त्यांनी एक मंडळ स्थापिले आणि परिषदांना निमंत्रण देत फिरण्यासाठी पगारी माणूस नेमला. पुढे इतर शहरांनीही हा मार्ग अनुसरला. महाराष्ट्रात १९७५ साली पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. देशात परिषदा आणण्यासाठी १९८८ साली भारतीय परिषद प्रोत्साहन संस्थाही निघाली.

निमंत्रकाचे काम वरवर पाहता गोड बोलण्याचे वाटते. परंतु त्यात शोध, हिशेब आणि चिकाटी यांचाच भाग मोठा. कोणती संस्था कोणत्या वर्षी परिषद भरविणार, तिला किती खोल्या व केवढे सभागृह लागेल, याची माहिती तो जमवितो. मोठ्या जागतिक परिषदांची स्थळे कित्येक वर्षे आधी ठरतात. त्यामुळे आज पेरलेल्या बीजाला फळ येण्यास चार-पाच वर्षेही लागतात. संस्थेपुढे तो लेखी प्रस्ताव ठेवतो. विमानतळापासून सभागृह किती दूर, पावसाळ्यात अडचण येईल काय, अपंग प्रतिनिधींची सोय कशी होईल, अशा प्रश्नांची उत्तरे त्यात द्यावी लागतात. मग संस्थेचे लोक पाहणीस येतात, आणि कागदावरचा प्रत्येक शब्द खरा आहे की नाही हे तपासतात.

या व्यवसायात शिरण्याची वाट एकच नाही. कोणी हॉटेल व्यवस्थापन शिकून येतो. मुंबईत त्या विषयाचे शिक्षण देणारी संस्था १९५४ पासून आहे. कोणी पर्यटनाचा अभ्यास करून येतो, तर कोणी वृत्तपत्रांत किंवा जाहिरातीच्या धंद्यात अनुभव घेऊन. आरंभी पत्रे लिहिणे, याद्या करणे, पाहुण्यांना शहर दाखविणे अशी साधी कामे वाट्याला येतात. हळूहळू त्या स्त्रीच्या वा पुरुषाच्या हाती एखाद्या संपूर्ण परिषदेची जबाबदारी येते. अनेक भाषांचा परिचय, हिशेबाचा नेटकेपणा आणि नकार मिळाला तरी न खचणारे मन, हे तीन गुण तेथे फार उपयोगी पडतात.

एक गोष्ट मात्र मोठी नवलाची आहे. ज्या वस्तू निमंत्रक देऊ करतो, त्यांपैकी बहुधा एकही त्याच्या मालकीची नसते. सभागृह दुसऱ्याचे, हॉटेल तिसऱ्याचे, रस्ते महापालिकेचे, गाड्या रेल्वेच्या. त्याचे स्वतःचे भांडवल एकच, ते म्हणजे विश्वास. आपल्या शब्दाप्रमाणे हे सर्व जण वागतील, असे तो परक्याला सांगत असतो.

शब्द राखण्याचे एक उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. १८८५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते. ऐन वेळी पुण्यात पटकीची साथ उद्भवली. तेव्हा मुंबईने ते अधिवेशन आपल्याकडे घेतले. गवालिया टँक येथील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या चालकांनी आपल्या इमारती मोकळ्या करून दिल्या, आणि २८ डिसेंबर रोजी ७२ प्रतिनिधी तेथे जमले. त्या काळी परिषदा आणणारे कार्यालय मुंबईत नव्हते. पण निमंत्रकाचे मन त्या शहराजवळ होते.

नव्या काळातील उदाहरण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत बीजिंग येथे या समितीने आपल्या १४१ व्या अधिवेशनासाठी मुंबईची निवड केली. वांद्रे-कुर्ला संकुलात नवे सभागृहही उभे राहिले. परंतु भारतीय ऑलिंपिक संघाच्या कारभारात काही प्रश्न निर्माण झाले होते, म्हणून ते अधिवेशन पुढे ढकलण्यात आले. सभागृह कितीही भव्य असले, तरी यजमानाच्या घरातील कारभार नीट नसेल तर पाहुणा उंबरठ्यावर थबकतो, हाच याचा अर्थ. कारभार मार्गी लागल्यावर १५ ते १७ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत ते मुंबईत भरले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळविण्याचा निर्णय तेथेच झाला. १९०० नंतर प्रथमच हा खेळ ऑलिंपिकमध्ये परत येणार आहे.

अशी अधिवेशने झगमगत्या सभागृहांत भरतात. परंतु पाहुण्याला शहराची खरी ओळख सभागृहाबाहेरच होते. मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या दरम्यान कांजूरमार्ग हे स्थानक आहे. पवई येथे १९५८ साली स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विज्ञानाच्या परिषदा भरतात. लोकलने येणारे कित्येक प्रतिनिधी याच स्थानकावर उतरून रिक्षाने पवईस जातात. त्यांना मुंबई प्रथम भेटते ती फलाटावर वाट सांगणाऱ्या प्रवाशाच्या रूपाने आणि मीटरप्रमाणे भाडे घेणाऱ्या रिक्षावाल्याच्या रूपाने. निमंत्रकाने दिलेला शब्द येथे ही माणसे पाळतात, आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते.

याच कांजूरमार्गाच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. तेथे हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली या खाडीचा काही भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळांच्या जागतिक यादीत स्थान मिळाले. निमंत्रकाच्या पत्रिकेवर या गुलाबी पक्ष्यांचे चित्र शोभून दिसते. परंतु त्याच बाजूला मुंबईच्या कचऱ्याचा फार मोठा भाग येऊन पडतो, आणि आसपासच्या वस्त्यांतील माणसे दुर्गंधीने त्रासून जातात. मेजवान्यांतील उष्टे आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या यांची त्यात भरच पडते. पाहुण्यांचे स्वागत करताना घरच्या माणसांना त्रास व्हावा, हे चांगल्या यजमानाचे लक्षण नव्हे. म्हणून जाणता निमंत्रक परिषदेचा आराखडा करतानाच विचारतो : कचरा कमी कसा होईल? उरलेले अन्न कोणाच्या मुखी लागेल? ओला व सुका कचरा वेगळा कोण करील?

परिषदेमुळे हॉटेलांना, टॅक्सीवाल्यांना, फुलवाल्यांना, छापखान्यांना, दुभाष्यांना काम मिळते. हा लाभ खरा आहे. २०२० साली करोनाच्या साथीत परिषदा बंद पडल्या, तेव्हा या सर्वांच्या चुली अडल्या. त्याच वेळी गोरेगाव येथील नेस्कोच्या प्रदर्शनगृहात रुग्णांसाठी खाटा मांडण्यात आल्या. पाहुण्यांसाठी बांधलेली जागा घरच्यांच्या संकटात उपयोगी पडली.

जे शहर आपल्या रहिवाशांना सुखाने राहण्याजोगे आहे, तेच पाहुण्यांना बोलावण्याजोगे असते. निमंत्रक पत्र लिहितो, चित्रे छापतो, दूरदेशी जाऊन आपल्या नगरीचे गुण सांगतो. परंतु त्याच्या पत्रातील मजकूर खरा ठरविणे एकट्याच्या हातचे नाही. फलाट स्वच्छ ठेवणारा झाडूवाला, परक्याला नीट वाट दाखविणारा शाळकरी मुलगा आणि खाडीत प्लॅस्टिक न टाकणारी मुलगी, हे सर्व जण त्या पत्राखाली न दिसणारी सही करीत असतात.

अभ्यास

१. परिषदेसाठी येणारा पाहुणा आणि स्थळे पाहण्यास येणारा पाहुणा यांत कोणता फरक आहे?
२. ‘त्याचे स्वतःचे भांडवल एकच, ते म्हणजे विश्वास.’ हे विधान दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. वाक्यांत उपयोग करा : मन वळविणे, शब्द राखणे, ऐन वेळी.
४. तुमच्या गावी बालसाहित्य संमेलन भरवावे, अशी विनंती करणारे पत्र लिहा. गावातील सोयी सांगा. ज्या सोयी नाहीत, त्यांबद्दलही खरे तेच लिहा.