शुश्रूषेची मोजदाद : जपानची आणि आपली



घरात एखादं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की त्याचं करायचं कुणी, हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारलाच जात नाही. सून करते, लेक करते, नाहीतर म्हातारीच म्हाताऱ्याचं करते. परंतु हे काम किती, हे मोजलं आहे काय? दोन देशांतले अभ्यासक या प्रश्नाकडे कसे पाहतात, ते आज पाहू.

पहिला देश जपान. तिथं दर दहांत जवळजवळ तीन माणसं पासष्टीची किंवा त्यापुढची आहेत. तिथंही हा भार पूर्वी बव्हंशी सुनेवरच असे. १९९७ साली कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून शुश्रूषेचा विमा सुरू झाला. चाळिशीपासून हप्ता भरायचा. पासष्टीनंतर गरज पडली, तर मदतनीस घरी येते. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्साच सोसावा लागतो.

पण मदत द्यायची, तर आधी गरज ठरवायला हवी. म्हणून तपासनीस येऊन ७४ बाबी पाहतो. कूस बदलता येते का? स्वतःच्या हातानं जेवता येतं का? त्यावरून शुश्रूषेला लागणाऱ्या मिनिटांचा अंदाज काढतात आणि सातांपैकी एक पायरी ठरते. सर्वांत वरची पायरी ११० मिनिटं व त्याहून अधिक. साहजिकच तिथलं संशोधन विचारतं, की कोणत्या मदतीनं परावलंबन लांबतं, आणि घरच्या बाईचा भार खरोखर हलका झाला का?

आता आपला देश. मुंबईच्या उपनगरांत, घाटकोपरपासून जवळच देवनारला, १९५६ साली स्थापन झालेली लोकसंख्या-अभ्यासाची राष्ट्रीय संस्था आहे. १९९२-९३ पासून तिनं कुटुंब-आरोग्य पाहण्या केल्या. त्यांत भर होता बाळंतपणावर नि बालकांवर. पुढे २०१७-१८ साली याच संस्थेनं वार्धक्याची पाहणी केली. पंचेचाळिशीच्या पुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जण त्यात आले. अंघोळ, कपडे, खाणं, चालणं, अंथरुणातून उठणं, शौचास जाणं, यांत अडचण येते का, हे विचारलं. हाताच्या पकडीची ताकदसुद्धा मोजली.

म्हणजे प्रश्न दोन्हीकडे पुष्कळसे सारखेच. फरक आहे तो उत्तराचं पुढे काय होतं यात. जपानात उत्तरातून त्या माणसाचा हक्क ठरतो; आपल्याकडे उत्तर अहवालात जातं. आपल्या २००७ च्या कायद्यानं आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. पण मुलगा बोरिवलीहून पैसे पाठवतो, तेव्हा गावी रात्री तीनदा उठून सासऱ्यांना कुशीवर वळवणारी सून कोणत्या हिशेबात धरायची?

जपानचं सगळं सुरळीत आहे, असं नाही. तिथंही मदतनिसांची वाण आहे, खर्च वाढतो आहे. आणि आपल्या घरांतली माया ही लहानसहान ठेव नव्हे. पण जे मोजलं जात नाही, त्यासाठी सरकारी खर्चात तरतूद होणं कठीण.

तेव्हा पाहणी करणारा दारी आला, की अब्रूपायी “सगळं ठीक आहे” म्हणू नका. कोण उठवतं, कोण भरवतं, किती वेळ जातो, ते खरं सांगा. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, उत्तर देताना आजोबांबरोबर त्यांचं करणारी सूनही जवळ बसू द्या, एवढं गावात आवर्जून सांगा.