हजरतगंजचं कॉफी हाउस आणि कचेरीतला कप

लखनऊत कॉफी म्हटली की बहुतेकांना लग्नातली कॉफी आठवते. डिसेंबरच्या गारठ्यात मांडवाच्या कोपऱ्यात उभं केलेलं यंत्र, दुधात सूं करत शिरणारी वाफ, वर दाट फेस आणि त्यावर कोकोची चिमूट. तिला तिथे ‘एस्प्रेसो’ म्हणतात. असते ती इन्स्टंट पूड, साखर आणि दूध. पण त्या थंडीत ती खरंच छान लागते, कारण ती समोर होते आणि लगेच हातात येते.

याच शहरात हजरतगंजला, जहांगीराबाद मॅन्शनमध्ये, इंडियन कॉफी हाउस आहे. यशपाल, अमृतलाल नागर, भगवतीचरण वर्मा या हिंदी लेखकांची इथे बैठक असे. या कॉफी हाउसांचा उगम मात्र आपल्या मुंबईतला. बाजारात कॉफीला उठाव नव्हता, म्हणून ती देशातच खपावी या हेतूने कॉफी सेस कमिटीने १९३६ साली चर्चगेटला पहिलं कॉफी हाउस उघडलं. पुढे कॉफी बोर्डाने पन्नासच्या दशकात ही कॉफी हाउसं बंद करायला घेतली, नोकर रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्याच कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली बंगळुरात १९ ऑगस्ट १९५७ला, आणि दोन महिन्यांनी, २७ ऑक्टोबरला, दिल्लीत पहिलं कामगारांचं कॉफी हाउस सुरू झालं. कप आणून ठेवणारा माणूसच तिथे संस्थेचा सभासद असतो. मला ही गोष्ट त्या कॉफीच्या चवीपेक्षा वेगळी काढता येत नाही.

कचेरीतली कॉफी नेमकी इथेच बिघडते. ती कुणाचीच नसते. मी ज्या कचेरीत काही वर्षं काढली, तिथे बटण दाबलं की दूध-साखर-कॉफीची तयार पूड गरम पाण्यात मिसळून कागदी कपात यायची. साखर कमी करायची सोय नव्हती. निम्मे कप अर्धे भरलेले तसेच टोपलीत जायचे. यंत्र बदलून पाहिलं, पुड्या बदलल्या, पण टोपली भरतच राहिली.

उपाय दक्षिणेतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे: स्टीलचा फिल्टर. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याला तळाशी बारीक छिद्रं, आत दांड्याची चकती. दहा जणांसाठी शंभर ग्रॅम पूड वरच्या भांड्यात घालायची, चकतीने हलकेच दाबायची. जोर दिला की पाणी उतरतच नाही. उकळी विसावलेलं अर्धा लिटर पाणी ओतून झाकण ठेवायचं. पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली तीनशे मिलिलिटरच्या आसपास डिकॉक्शन जमतं. पंधरा-वीस मिनिटं त्याला हात लावायचा नाही.

खरी बचत यानंतर आहे. डिकॉक्शन आणि दूध वेगवेगळं ठेवायचं, कपातच एकत्र करायचं. कुणाला बिनदुधाची, कुणाला बिनसाखरेची, कुणाला अर्धाच कप. ज्याला जेवढी हवी तेवढीच होते. दूध घातलेली कॉफी तासभर गरम ठेवली तर तिचा वास उडतो आणि कडवटपणा तेवढा मागे राहतो. पूडही आठवड्यापुरतीच आणावी, कारण दळल्यावर सुगंध झपाट्याने उडतो. आपल्या घरी कॉफीत जायफळ घालतात. मला ते आवडतं, पण शिळी पूड झाकायला ते वापरू नये.

फिल्टरच्या पुडीत बहुधा चिकोरी, म्हणजे एका भाजलेल्या मुळाची पूड, मिसळलेली असते. तिला नाक मुरडणारे पुष्कळ. ती काही आडून घातलेली भेसळ नव्हे. पाकिटावर तिचं प्रमाण छापावंच लागतं आणि अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी असा नियम आहे. पाण्यात उतरणारा अंश तिच्यात कॉफीपेक्षा जास्त असल्यामुळे डिकॉक्शन दाट होतं, पूड कमी लागते. शिवाय ती लखनऊकरांना परकी नाही. देशातली बरीचशी चिकोरी गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशातच एटा-अलीगढच्या शेतांत पिकते. निम्मी कॉफी कर्नाटकाची, उरलेलं मूळ तुमच्याच राज्यातलं, हे तिथल्या मित्रांना सांगितलं की ते चकित होतात.

आता कप. प्लॅस्टिकचे कप आणि ढवळायच्या काड्या १ जुलै २०२२पासून देशभर बंद झाल्या, आणि त्यांच्या जागी कागदी कप आले. त्यांच्या आतही बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे रद्दीवाला त्यांना हात लावत नाही. चिनी मातीचा मग भाजायला ऊर्जा खूप लागते हे खरं. मार्टिन हॉकिंग या कॅनडातल्या रसायनशास्त्रज्ञाने १९९४ साली हिशेब मांडला होता: मग साधारण ३९ वेळा वापरला की ऊर्जेच्या बाबतीत तो कागदी कपाच्या बरोबरीला येतो. दिवसाला दोन कप धरले तर कचेरीच्या एका महिन्यात हे भागतं. आणि लखनऊच्या वेशीवरचं चिनहट तर झिलईदार भांड्यांसाठीच ओळखलं जाणारं गाव. कारागिरी तिथे ओसरली आहे. म्हणूनच एखाद्या कचेरीने प्रत्येकासाठी तिथून एकेक मग आणावा असं मला मनापासून वाटतं. नाव घातलेला मग माणूस स्वतः विसळतो.

राहिला चोथा. पुडीचा जेमतेम पाचवा हिस्सा कपात उतरतो, बाकी सगळा फिल्टरमध्येच राहतो. तो वाळवून, सुक्या पानांत मिसळून खतात घालावा. कुंडीत तसाच जाड थापला तर त्याची पापडी धरते आणि पाणी मुरत नाही.

शनिवारी मात्र फिल्टर घासायला एक माणूस लागतो. साबणाने वास राहतो, नुसतं गरम पाणी पुरतं. छिद्रं बुजली असतील तर वरचं भांडं चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर क्षणभर फिरवायचं, अडकलेली पूड जळून जाते, मग उजेडाकडे धरून सगळी छिद्रं दिसतात का ते बघायचं.