आई-बाबांना ब्राह्मी देताय? आधी हे वाचा

ब्राह्मी ही ओलसर जागी, पाटाच्या कडेला जमिनीलगत पसरणारी वनस्पती. पानं बारीक, जाडसर आणि चावली तर चांगलीच कडू. बाजारात मंडूकपर्णीही ब्राह्मी म्हणून मिळते, पण तिची पानं गोल आणि कातरलेल्या कडांची असतात.

अमेरिकेत पोर्टलंडला ६५ वर्षांवरच्या ५४ निरोगी माणसांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. काहींना १२ आठवडे रोज ३०० मिलिग्रॅम ब्राह्मीचा अर्क दिला, बाकीच्यांना तशीच दिसणारी औषधाविना गोळी. अर्क घेणाऱ्यांना ऐकलेले शब्द नंतर जास्त आठवले, उदासी आणि चिंताही कमी झाली. अभ्यास लहान आहे, त्यावरून नैराश्यावर औषध सापडलं असं म्हणता येणार नाही. तरी मला तो फार आशादायक वाटतो. काहींचं पोट मात्र बिघडलं, म्हणून रिकाम्या पोटी नकोच.

ब्राह्मीसोबत अश्वगंधाही देत असाल तर तिच्याबाबत जास्त जपा. तिने थायरॉईडचे हार्मोन वाढू शकतात, झोपेच्या गोळीसोबत गुंगीही वाढते. रात्री बाथरूमला उठलेल्या माणसाचा तोल जायला तेवढं पुरतं!

‘झाडपाल्याचं आहे, काही होत नाही’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. कृपा करून त्यावर विसंबू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढे एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा. आणि नैराश्याची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका.