जुन्या मोटारीचे सांधे

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुमारास आमच्या मोटारीनें कुरकुरण्यास आरंभ केला. घरांतील मंडळींनीं प्रथम तिकडे लक्ष दिलें नाहीं. वृद्ध माणसाचे गुडघे बोलतात, तसे वृद्ध मोटारीचे सांधेही बोलावयाचेच! ही मोटार म्हणजे वडिलांनीं १९७८ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी. घरांतील तीन लग्नें तिनें पाहिलीं आहेत, आणि माझ्या पुतण्याला सुतिकागृहांतून घरीं तिनेंच आणलें.

परंतु एके दिवशीं बंदराच्या हमरस्त्यावर, पुढें चाललेल्या कंटेनरच्या ट्रेलरमागें मीं ब्रेक दाबला, तों मोटारीची मागली बाजू वीतभर डावीकडे सरकल्यासारखी वाटली. मागच्या बाकावर आई व तान्ह्या मुलासह धाकटी वहिनी बसली होती. आई रस्त्यांत कांहीं बोलली नाहीं. घरीं आल्यावर मात्र पदरानें कपाळ टिपीत एवढेंच म्हणाली, "आतां ही विकून टाका." आमच्या घरीं आईच्या शब्दावर सहसा अपील होत नाहीं.

या मोटारीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर मोटारी होऊं लागल्या, आणि त्यांपैकींच एकीला १९७४ सालीं पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणजे हीच. २०२३ च्या ऑक्टोबरांत शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, आणि तिच्याबरोबर तिचीं दुखणीं तोंडपाठ असलेली कारागिरांची पिढीही पांगूं लागली.

आमच्या मोटारीचें दुखणें बुशाचें होतें. बुश म्हणजे काय, हें स्वयंपाकघरांतील वाचकांना समजावें म्हणून सांगतों. मागचीं चाकें ज्या आंसावर असतात, तो आंस दोन्ही बाजूंस पोलादी पाट्यांना बांधलेला असतो. पाट्याचें टोक गोल वळविलेलें असतें, त्यांत रबराचें जाड कडें बसवितात, आणि त्या कड्याच्या मध्यावरील लोखंडी नळींतून बोल्ट जातो. हें रबरी कडें तोच बुश. खड्ड्यांत चाक आदळलें कीं लोखंडावर लोखंड न आपटतां धक्का रबर सोसतें. कुकरच्या झांकणाचें रबर जसें वर्षादोनवर्षांत कडक होऊन चिरतें, तसेंच याचें होतें. पुढच्या टोकाचा बुश झिजला कीं आंस मागेंपुढें हलूं लागतो, आणि ब्रेक लावतांच मोटारीची मागली बाजू भलतीकडे जाऊं पाहते. म्हणजे ती कुरकुर नव्हती, इशारा होता.

त्यांतून उरणची हवा! समुद्राचा खारा वारा रबराचें फारसें वाईट करीत नाहीं, पण बोल्ट आणि ती नळी गंजून एकजीव होतात. शिवाय न्हावाशेवा बंदर १९८९ सालीं सुरू झाल्यापासून अवजड वाहनांनीं इकडच्या रस्त्यांची जी दशा केली आहे, ती मोटारवाल्यांनाच ठाऊक.

आईची समजूत घालून मीं एका दुरुस्तीच्या दुकानांत नवे बुश बसवून घेतले. चार महिने मोटार मुकी होती. चैत्रांत पुन्हां तोच आवाज! तेव्हां एस. टी.च्या आगारांतून निवृत्त झालेले आमचे धाकटे काका पुढें झाले. "वहिनी, मला एक महिना द्या; मग खुशाल विका," असें आईला सांगून त्यांनीं अंगणांत कामास आरंभ केला.

जुना बोल्ट दोन दिवस रॉकेलांत भिजवूनही हालेना. अखेर करवतीनें कापावा लागला. बुश बाहेर आला तेव्हां त्याचें रबर फुगून मऊ झालें होतें आणि आंतून तिरपें फाटलें होतें. काकांनीं तो पुतण्याच्या हातीं देऊन विचारलें, "सांग पाहूं, चार महिन्यांत असें कां व्हावें?" उत्तर त्यांनींच दिलें. रबर सहज सरकावें म्हणून कोणीं तरी त्याला ग्रीज चोपडलें होतें. खनिज तेलानें नैसर्गिक रबर फुगतें. तेथें साबणाचें पाणीच हवें. दुसरी चूक याहून मोठी. मोटार उचललेली, चाकें लोंबकळत असतांनाच बोल्ट आवळलेला. बोल्ट आवळला कीं आंतली नळी जागच्या जागीं जखडते. मोटार खालीं उतरली, भार पडला, पाटा फिरला. पण नळी फिरत नाहीं, म्हणून रबराला कायमचा पीळ बसतो. पंचा पिळून तसाच गांठ मारून ठेवावा, आणि वर रोज झटके द्यावेत, त्यांतलाच प्रकार!

काकांनीं नवा बुश हातोड्यानें ठोकूं दिला नाहीं. लांब बोल्ट, दोन जाड चकत्या व नळीचा एक तुकडा घेऊन तो इंचाइंचानें आंत ओढला. जॅकवर त्यांनीं मुळींच विश्वास ठेवला नाहीं. सागवानी ठोकळे घातल्यावांचून पुतण्यास मोटारीखालीं डोकें घालण्याची मनाई होती. बोल्ट नुसते हातानें बसविले, मोटार चाकांवर उतरविली, आम्हां चौघांना आंत बसवून तिला हालविली, आणि मगच पाना हातीं घेतला. पुढच्या चाकांच्या बुशांना मात्र त्यांनीं हात लावला नाहीं. तेथें दाबलेली गुंडाळी स्प्रिंग असते, ती निसटली तर माणूस जायबंदी होतो. योग्य हत्यार असलेल्यानेंच तें काम करावें, असें त्यांचें मत. मला तें त्यांच्या सर्व कौशल्याहून मोलाचें वाटलें.

२०२८ सालीं मोटारीस पन्नास वर्षें होतील. २०२१ च्या नियमांप्रमाणें तिची पुराणवाहन म्हणून नोंद करतां येईल. पण तशी नोंद झालेली मोटार रोजच्या वापरास काढतां येत नाहीं. हें आईला वाचून दाखविलें, तेव्हां ती म्हणाली, "मग ती नोंद कशाला? मला करंज्याला द्रोणागिरीदेवीच्या दर्शनाला कोण नेणार?" दुसऱ्या दिवशीं ती पुढच्या बाकावर, काकांच्या शेजारीं जाऊन बसली.