फिरत्या घराची वीज

अमेरिकेत प्रवासासाठी एक प्रशस्त मोटार वापरली जाते. तीत निजण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, एवढेच नव्हे तर छतावर वातानुकूलन यंत्रही असते. मराठीत तिला रूढ नाव नाही. येथे आपण तिला 'फिरते घर' म्हणू. प्रवासात तिचे दिवे बॅटरीवर चालतात. मुक्कामाच्या तळावर 30 किंवा 50 अँपिअरच्या सॉकेटातून वीज मिळते. अडचण येते ती हे घर एखाद्या आप्ताच्या अंगणात उभे केले म्हणजे. तेथे बहुधा भिंतीतील 15 अँपिअरचे साधे सॉकेटच हाती असते, आणि गाडीची वायर तेथवर पोहोचत नाही. मग गवत कापण्याच्या यंत्रासाठी आणलेली बारीक एक्स्टेंशन वायर जोडण्याचा मोह होतो.

हा मोह का आवरावा, हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तारेला स्वतःचा रोध असतो, आणि तीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्याकडील 230 व्होल्टच्या विजेवर 1,500 वॉटचे उपकरण सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह घेते. अमेरिकेतील 120 व्होल्टवर तेच उपकरण साडेबारा अँपिअर घेते. म्हणजे एकाच तारेत तेथे साडेतीनपटींहून अधिक उष्णता निर्माण होते.

अमेरिकन गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हा उलटा हिशेब प्रथम गोंधळात टाकतो. 16 गेजच्या तारेचा छेद सुमारे 1.3 चौरस मिलिमीटर, तर 10 गेजचा 5.3 असतो. 50 फूट लांबीच्या 16 गेज वायरीत जाण्यायेण्याचा मिळून 0.4 ओहम रोध असतो. साडेबारा अँपिअर प्रवाहाला तीत 5 व्होल्ट खर्ची पडतात आणि सुमारे 62 वॉट उष्णता निर्माण होते. 10 गेजमध्ये हीच उष्णता 16 वॉटच्या आसपास राहते. वायर मोकळी पसरली असेल तर उष्णता हवेत निघून जाते. वेटोळे करून ठेवली किंवा गालिच्याखाली दडवली, तर आतल्या आत साठून आवरण वितळते.

येथे सर्किट ब्रेकरवर भिस्त ठेवून चालत नाही. तो भिंतीतील तारांच्या रक्षणासाठी असतो. साडेबारा अँपिअर हा त्याच्या मर्यादेतला प्रवाह असल्याने वायर तापत असताना तो स्वस्थ राहतो. दुसरीकडे, वातानुकूलन यंत्राची मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी अधिक प्रवाह ओढते. दाब फार घसरला तर ती फिरतच नाही, नुसती घुमते आणि तापते.

म्हणून 15 अँपिअरच्या सॉकेटापासून 50 फुटांपर्यंत निदान 12 गेजची, शक्यतो 10 गेजची, घराबाहेर वापरण्याजोगी एकसंध वायर घ्यावी. दोन वायरी जोडू नयेत. सैल सांधा हे तापण्याचे हमखास ठिकाण. 30 अँपिअरचा पूर्ण भार घ्यायचा असेल तर 10 गेजहून बारीक वायर चालत नाही. 50 अँपिअरला 6 गेज लागते. प्लग बसावा म्हणून मध्ये जोडणी-तुकडा घातला, तरी त्याने 15 अँपिअरच्या सॉकेटाचे 30 अँपिअरचे होत नाही, हे दुकानदार क्वचितच सांगतो.

यंत्र अर्धा तास चालल्यावर प्लगला हात लावून पाहावा. कोमट असेल तर चिंता नाही. हाताला चटका बसत असेल, तर आधी यंत्र बंद करावे आणि मगच प्लग काढावा.